उधाणाला इंग्रजीत काय म्हणतात?

मागच्या पावसाळ्यात माझ्या पडवीत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी उतारा वाचत होती. त्यात 'स्प्रिंग टाइड' आलं. तिनं लगेच समासात लिहिलं: वसंतातली भरती. तिच्या घरी होडी आहे, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण तिला लहानपणापासून ठाऊक. म्हटलं, "अगं, तुझ्या घरातलाच शब्द आहे हा." इथलं स्प्रिंग म्हणजे उसळणं. महिन्यातून दोनदा येणारं आपलं उधाण तेच. आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती म्हणजे 'नीप टाइड'. हे दोन शब्द तिला पाठ करावे लागलेच नाहीत.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडात इंग्रजी साहित्याच्या शिकवण्या घेताना मी मुलांना हेच सांगत असते. अवघड इंग्रजी शब्द दिसला की आधी तो आपल्या मराठीत कुठे राहतो ते शोधा. घोकायचं नंतर.

साहित्यातल्या संज्ञांसाठी तर दहावीचं मराठी व्याकरणच परत काढा. सिमिली म्हणजे उपमा, अलिटरेशन म्हणजे अनुप्रास, पन म्हणजे श्लेष, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती. निम्मं काम शाळेतच झालंय. पण डोळे झाकून जोड्या लावू नका. उत्प्रेक्षेला इंग्रजीत वेगळी खोली नाही, 'जणू'वाली बहुतेक वाक्यं तिथे सिमिलीतच बसतात. मेटाफरही आपल्या रूपकापेक्षा ऐसपैस आहे. रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही समोर लागतात, मेटाफरमध्ये उपमेय गाळलं तरी चालतं. 'मेटॉनिमी'ला मुलं फार घाबरतात. त्यांना मी लक्षणा आठवायला सांगते, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेणं. "आम्ही केशवसुत वाचले" म्हणताना नाव कवीचं घेतो, वाचलेली असते कविता. ही मेटॉनिमी. "होडीवर दोन हात कमी आहेत" म्हटलं की हात म्हणजे अख्खा माणूस, म्हणून ती सिनेक्डकी.

केशवसुत आमच्या गावचे, त्यामुळे सॉनेटही इथे परकं वाटायचं कारण नाही. त्यांनीच ते मराठीत आणलं, आपण त्याला सुनीत म्हणतो. ओळी चौदा. इटालियन घडणीत आठ ओळींनंतर विचार वळतो, त्या जागेला 'व्होल्टा' म्हणतात. व्होल्टाचा अर्थच वळण. प्रश्नपत्रिकेत सॉनेट आलं तर आधी पेन्सिलीनं ती जागा शोधा.

आता धातू. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. मेटाफर ग्रीकमधून आला: 'मेटा' इथे पलीकडे या अर्थी, आणि 'फेरेइन' म्हणजे वाहून नेणं. हे फेरेइन आणि संस्कृतातला भृ, ज्याच्यापासून आपला 'भार' झाला, एकाच कुळातले. लॅटिनमधला त्यांचा भाऊबंद 'फेर्रे'. ट्रान्सफर, रेफर, इन्फर ही त्याची पिलावळ. जयगडच्या धक्क्यावर उभं राहून फेरीबोट बघा. गाडी तीच, उतरते मात्र खाडीपलीकडे तवसाळला. मेटाफरमध्ये शब्दाचं असंच होतं.

इन्फर आणि इम्प्लाय यांत गल्लत करणारे पदवीधर मी खूप पाहिलेत. आई स्वयंपाकघरातून म्हणते, "आज बंदरावर बांगडा बरा आलाय म्हणे." ती इम्प्लाय करते. तुम्ही न बोलता पिशवी उचलता, म्हणजे तुम्ही इन्फर केलंत. बोलणारा इम्प्लाय करतो, ऐकणारा इन्फर. आई आणि पिशवी एवढं लक्षात ठेवा.

शब्द एकटा उचलू नका, त्याचा सोबती बघा. मराठीत भरती येते, ओहोटी लागते. वारा सुटतो, समुद्र खवळतो. उलटसुलट केलं की कान लगेच तक्रार करतो. इंग्रजीतही पाऊस 'हेवी' असतो, वारा 'स्ट्राँग' आणि समुद्र 'रफ'. 'स्ट्राँग रेन' लिहिलं की परका लगेच ओळखू येतो. ओहोटीचा 'एब' तर आशा आणि ताकद ओसरण्यासाठीही वापरतात. त्यामुळे वहीत नुसता अर्थ नको. शब्द जिथे भेटला ते वाक्य, त्याचा सोबती, धातू कळला तर धातू, आणि शेवटी आपल्या वाडीतलं, आपल्या माणसांचं एक वाक्य. दिवसाला तीन शब्द पुष्कळ झाले. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि पंधरवड्यानं अर्थावर हात ठेवून आठवा. हर्मान एबिंगहाउसनं 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरण्याचा जोर सुरुवातीलाच जास्त असतो. म्हणून पहिली उजळणी चुकवू नका.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही जवळ करा. 1831चा, 1857 मध्ये वाढवलेला, इंटरनेटवर फुकट आहे. कोकणातल्या बोलीचे कितीतरी शब्द त्यात आहेत. घरातला एखादा शब्द काढायचा आणि त्याच्यासाठी त्यानं इंग्रजीतून काय काय गोळा केलंय ते बघत बसायचं. त्याचं इंग्रजी जुनं आहे, तेव्हा वापरण्याआधी आजच्या कोशात पडताळा.

उच्चाराचं मात्र कोणी वेळेवर सांगत नाही. कॉलेजात तोंडी परीक्षेत अतिशयोक्तीच्या इंग्रजी शब्दाला मी 'हायपरबोल' म्हणाले. समोरचे सर हसले, बरोबर काय ते सांगितलं नाही. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. शब्द आहे 'हायपर्बली'. ग्रीकमधून आलेल्या अशा शब्दांत शेवटचा ई उच्चारतात: इपिटमी, कटॅस्ट्रफी, सिनेक्डकी. मोबाइलवरच्या कोशात उच्चार ऐकायची सोय असते, ती वापरा. माझ्या पडवीत नवा शब्द वहीत जाण्याआधी तीनदा मोठ्यानं म्हणायचा असतो, आणि चुकला तर तिथल्या तिथे बरोबर सांगितला जातो. परवा सहा जणांची सिनेक्डकी रस्त्यापर्यंत ऐकू गेली.