छापील सुपरहिरो सूट: आधी धडाचा फेरा मोजा

छाती-कंबर सगळेच मोजतात, पण अंगाबरोबर सूट फसतो तो धडाच्या उंचीत. खांद्यावरून टेप खाली घ्या, दोन्ही पायांमधून मागे नेऊन पुन्हा त्याच खांद्यावर आणा. हा फेरा कमी पडला की हात वर करताच जांघेत ओढ बसते, मानेची चेन उसवते.

लायक्रा ताणून बसते, म्हणून शिवलेला सूट अंगापेक्षा लहानच हवा. ९६ सेंमी छातीला ८८ ते ९०, १५८ च्या फेऱ्याला साधारण १५०. सुटाचे तुकडे आणि चित्र ज्यात आखलेलं असतं त्या छपाईच्या फाइलमध्ये फेरा १४२ निघाला, तर कमरेशी पुढे ४ आणि मागे ४ सेंमी वाढवा. अख्खी फाइल टक्क्यांनी मोठी करू नका: बाह्या लोंबतात, छातीवरचं चिन्हही फुगतं. याहून जास्त आवळही नको, कारण ताणलेल्या जागी छपाईखालचं पांढरं कापड डोकावतं, गडद रंगात तर फारच.

कापड पॉलिस्टर-स्पॅन्डेक्सच हवं (स्पॅन्डेक्स म्हणजेच लायक्रा). सब्लिमेशनचा, म्हणजे उष्णतेने वाफ होऊन कापडात उतरणारा, रंग सुतावर धरत नाही. हा रंग उतरवणाऱ्या गरम दाबयंत्रात, हीट प्रेसमध्ये, कापड आटतं, तेव्हा फाइलच्या कोपऱ्यात १० सेंमीचा चौकोन ठेवून आधी छोटा तुकडा छापून घ्या. चौकोन ९.७ भरला, तर त्या दिशेला ३ टक्के वाढवा. उभं-आडवं वेगवेगळं मोजा, आटणं दोन्हीकडे सारखं नसतं.

शिवताना स्ट्रेच सुई, ७५ नंबर, आणि बारीक झिगझॅग. सरळ टाका पहिल्याच बैठकीत तुटतो.