वेल्डिंग शिकताय? कुठले व्हिडिओ बघायचे आणि कसे

यूट्यूबवर नुसतं 'वेल्डिंग' टाकलं की ठिणग्यांचा पाऊस पडतो. डिझाइनचं गेट, बाटलीतून केलेला जुगाड, 'ही ट्रिक कोणी सांगत नाही' असली शीर्षकं. तासभर बघितलं तरी हातात होल्डर घेतल्यावर त्यातला रॉड, म्हणजे जोडात वितळणारी लेप लावलेली काडी, चिकटतो तो चिकटतोच. म्हणून आधी एकच कसोटी सांगतो, बाकीचं सगळं तिच्याभोवती आहे: व्हिडिओत वितळलेला धातू दिसला पाहिजे. ठिणगी नव्हे, धूर नव्हे, तयार झालेली चकचकीत शिलाई नव्हे. रॉडच्या टोकामागे तयार होणारं ते छोटं तळं, त्याच्या कडा, त्यावर मागून पसरत येणारा स्लॅग, म्हणजे रॉडच्या लेपाचा वितळलेला मळ. वेल्डर सगळा वेळ तेच बघत असतो. ते दिसत नसेल तर तो व्हिडिओ करमणुकीसाठी बघा, शिकण्यासाठी नको.

मी कोल्हापूरजवळ ट्रॉल्या आणि शेतीच्या अवजारांच्या दुरुस्तीचं काम करतो. निम्मं शिकलो ते मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून, निम्मं फोनवर बघून. गावोगावची मुलं आता फोनवरूनच सुरुवात करतात आणि मला ते आवडतं. फक्त कुठून सुरुवात करायची हे कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

पहिली अडचण शोधण्याच्या शब्दांची. आपण दुकानात ज्याला साधं वेल्डिंग किंवा आर्क वेल्डिंग म्हणतो, त्याला अमेरिकन माणूस 'स्टिक' म्हणतो, इंग्लंडमधला 'एमएमए' म्हणतो आणि पुस्तकात 'एसएमएडब्ल्यू' लिहिलेलं असतं. चारही एकच. आपलं 'सीओटू वेल्डिंग' शोधायचं तर 'मिग' किंवा 'मॅग' टाका, 'आर्गन' शोधायचं तर 'टिग'. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण साधं मशीन घेऊन मिगचे व्हिडिओ बघत बसतात आणि आपल्या हाताला दोष देतात. मिगमध्ये वायर आपोआप सरकत येते. आपला रॉड मात्र जळत जळत आखूड होतो आणि तेवढाच हात खाली आणत राहावा लागतो. ती सवय मिगच्या व्हिडिओतून लागणार कशी?

शोधताना रॉडचा आकडा टाका. आपल्याकडे बहुतेक दुकानांत साध्या कामाला ६०१३ रॉड मिळतो. पाकिटावर हा आकडा छापलेला असतो, आणि तो वाचायला शिकणं म्हणजे निम्मं कोडं सुटणं. पहिले दोन अंक जोडाची ताकद सांगतात, ६० म्हणजे चौरस इंचाला ६० हजार पौंड ताण. तिसरा अंक १ असला की रॉड आडव्या, उभ्या, डोक्यावरच्या, कुठल्याही जोडाला चालतो. शेवटच्या अंकावरून लेपाचा प्रकार आणि कुठला करंट चालेल ते कळतं. आता अमेरिकन व्हिडिओ लावलात की तिथे ६०१० आणि ७०१८ यांचीच चर्चा जास्त. पाइपलाइनवाले ६०१० रॉड पुढे झटकतात, थांबतात, पुन्हा झटकतात. बघायला फार सुंदर दिसतं. तेच आपल्या ६०१३ ने करायला गेलात तर स्लॅग तळ्याच्या पुढे पळतो आणि जोडात अडकून बसतो. ६०१३ ला शांतपणे, जवळ धरून, ओढत न्यायचं असतं. त्यामुळे व्हिडिओ कितीही नामांकित असो, त्यातला रॉड तुमचा नसेल तर हाताची हालचाल उचलू नका.

मापांचंही तसंच. मिस्त्री म्हणतात 'दहा नंबरचा रॉड दे', पाकिटावर असतं ३.१५ मिमी आणि अमेरिकन म्हणतो एक अष्टमांश इंच. तिन्ही जवळपास एकच. बारा नंबर म्हणजे २.५ मिमी, आठ नंबर म्हणजे ४ मिमी. करंटचा अंदाज ६०१३ साठी असा: २.५ मिमीला साधारण ६० ते ९० अँपिअर, ३.१५ ला ९० ते १३०. नेमका आकडा कंपनीने पाकिटावर दिलेला असतो, तो आधी वाचा. मशीनचा काटा खरं बोलतोच असं नाही, विशेषतः लांब वायरवर आणि गावाकडच्या कमी-जास्त व्होल्टेजवर.

आता कुठे बघायचं. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे सरकारचं 'भारत स्किल्स' पोर्टल. आयटीआयच्या वेल्डर ट्रेडची पुस्तकं, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही, तिथे फुकट मिळतात. ती तयार करते चेन्नईची निमी ही संस्था. पुस्तकं कोरडी आहेत हे खरं. पण त्यात जो क्रम आहे तो कुठल्याही चॅनेलवर सापडणार नाही: आधी जाड पट्टीवर सरळ रेषेत बीड (वेल्डची रेघ), मग टी जॉइंट (एका पट्टीवर दुसरी उभी), लॅप (एकीवर एक चढवलेल्या), बट (कडेला कड लावलेल्या), आणि मग तेच सगळं उभ्यात. यूट्यूब तुम्हाला पहिल्याच दिवशी गेट दाखवतं, हे पुस्तक तुम्हाला पट्टीवर बसवतं. पुस्तकाचा क्रम धरायचा आणि त्या-त्या धड्यासाठी व्हिडिओ शोधायचा, ही माझी पद्धत.

इंग्रजी थोडंफार कळत असेल तर जोडी कोलियर यांचं 'वेल्डिंग टिप्स अँड ट्रिक्स' बघा. आर्कच्या, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या झोताच्या, आतलं चित्रण इतकं स्पष्ट असतं की आवाज बंद करून बघितलं तरी शिकायला मिळतं. 'वेल्ड डॉट कॉम'वरही नवशिक्यांसाठी बरंच आहे. वाचायची आवड असेल तर केंब्रिजच्या टीडब्ल्यूआय या संस्थेचे 'जॉब नॉलेज' नावाचे लेख फुकट आहेत. पत्रा का वाकतो, जोडात भोकं का पडतात, हे तिथे नीट समजावलंय. एनपीटीइएल या ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी उपक्रमात आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत, पण ती इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी. हात थोडा बसल्यावर बघा, तेव्हा त्यांची खरी गोडी कळते. हिंदीत भरपूर आहे, मराठीत त्या मानाने कमी. हिंदी चॅनेल निवडताना वरचीच कसोटी लावा, आणि तो माणूस रॉडचा आकडा, जाडी आणि करंट तोंडाने सांगतो का ते बघा. हे तिन्ही न सांगता 'बघा किती छान झालं' म्हणणारा तुम्हाला काहीच देत नाही.

आणखी एक खूण आहे, तिच्याबाबत मी कडक आहे. समोरचा माणूस स्लीपर घालून, काळा गॉगल लावून किंवा मान वळवून वेल्डिंग करत असेल तर व्हिडिओ तिथेच बंद करा. आपल्याकडे हे इतकं सर्रास चालतं की नव्या मुलाला तीच पद्धत वाटते. आर्कमधल्या अतिनील किरणांनी डोळा भाजतो तो लगेच कळत नाही. काही तासांनी, बहुतेक वेळा रात्री झोपेत, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचायला लागतं आणि पाणी थांबत नाही. अशा वेळी दूध घालणं, बटाट्याचे काप ठेवणं असले उपाय न करता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. साध्या रॉडच्या कामाला दहा किंवा अकरा नंबरची काच असलेला मास्क, सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, चामड्याचे हातमोजे, बंद बूट. नायलॉन-टेरिकॉट नको, ठिणगी पडली की कातडीला चिकटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पहिल्या गटात टाकला, तेव्हा बंद खोलीत सराव करू नका आणि धुराच्या वर तोंड नेऊ नका. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. त्याच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. सरावाला तो पाइप घेऊच नका. आणि डिझेलची रिकामी टाकी किंवा बंद ड्रम कितीही धुतलेला दिसला तरी नवशिक्याने त्याला होल्डर लावायचा नाही, व्हिडिओत कोणीही करून दाखवलं असलं तरी.

बघायचं कसं, हे बघण्याइतकंच महत्त्वाचं. एका बैठकीत एकच छोटा व्हिडिओ, तोही वेग निम्मा करून. पहिल्यांदा फक्त तळं बघा. दुसऱ्यांदा रॉडचं टोक आणि पट्टी यांतलं अंतर बघा. ते रॉडच्या जाडीइतकंच असतं, जास्त नाही. तिसऱ्यांदा रॉडचा कल बघा, पुढे जायच्या दिशेला किंचित झुकलेला, उभ्यापासून १० ते २० अंश. मग फोन बाजूला ठेवा आणि चार-पाच रॉड सलग जाळा. जाळताना कान उघडे ठेवा: अंतर बरोबर असेल तर सलग चरचर ऐकू येते, रॉड लांब गेला की आवाज फाटतो आणि थेंब इकडेतिकडे उडतात. हे फोनच्या स्पीकरवर कधीच नीट कळत नाही, शेडमध्येच कळतं.

सरावासाठी भंगारवाल्याकडून किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानातून ६ ते १० मिमी जाडीचे पट्टीचे तुकडे आणा. सगळ्यांना घाई असते चौकोनी पाइपचं स्टँड करायची. पातळ पाइप नवशिक्याच्या हाताखाली भोकं पाडतो आणि मन खट्टू होतं. जाड पट्टी थोडी चूक सहन करते. गंज आणि रंग ग्राइंडरने काढून मगच सुरू करा, अर्थिंगचा क्लॅम्पही स्वच्छ लोखंडावर घट्ट लावा. आर्क सारखी विझत असेल तर आधी क्लॅम्प बघा.

बीड झाली की चिपिंग हॅमरने स्लॅग काढा, वायर ब्रश मारा आणि वाचा. होय, बीड वाचायची असते. आयटीआयच्या पुस्तकांत आणि रॉड कंपन्यांच्या माहितीपत्रकांत एक चित्र असतं: शेजारी शेजारी बीड, करंट कमी, करंट जास्त, आर्क लांब, हात जलद, हात सावकाश. त्याची प्रिंट काढून भिंतीला लावा. शंभर व्हिडिओंपेक्षा त्या एका चित्राने मला जास्त शिकवलं. बीड उंच, अरुंद आणि पट्टीवर नुसती ठेवल्यासारखी बसली असेल तर करंट कमी. चपटी पसरलेली, कडेला खाच पडलेली, थेंबांनी भरलेली असेल तर करंट जास्त. बारीक भोकं दिसली तर आर्क लांब होती, किंवा रॉड ओलसर आहे, किंवा गंज राहिलाय. पावसाळ्यात आपल्याकडे पाकीट उघडं राहिलं की ओल धरतंच.

आमचे मिस्त्री तर विचारतही नसत की करंट किती ठेवलाय. पट्टी उजेडात तिरकी धरायची, अंगठा कडेवरून फिरवायचा आणि म्हणायचं, "रॉड लांब धरतोयस बाळा. आणि मधे कुठेतरी दचकलास." खरोखरच मधे ठिणगी मनगटावर पडलेली असायची. असा माणूस तुमच्या गावात नक्की आहे. त्याला व्हिडिओ दाखवू नका, आपल्या बीडची पट्टी घेऊन जा. "मामा, हे बघता का जरा," एवढं म्हटलं की कुठलाही कारागीर हातातलं काम थांबवून बघतो. दुपारच्या जेवणानंतर जा, सकाळी डिलिव्हरीच्या गडबडीत नको.

जवळ कोणीच नसेल तर स्वतःचा व्हिडिओ काढा. फोन सरळ आर्ककडे धरला तर पांढऱ्या झोतापलीकडे काही येत नाही. मास्कची जास्तीची काळी काच आणून ती कॅमेऱ्यासमोर चिकटवा, फोन स्टँडवर थोडा लांब ठेवा, आर्क पेटल्यावर प्रकाशमान लॉक होईल अशी सेटिंग करा. मग तळंही दिसतं आणि आपला रॉड कुठे उचलला जातो तेही. मोठ्या चॅनेलचा तोच जोड शेजारी लावून बघितला की फरक सांगायला कोणी लागत नाही.

जोड बाहेरून छान दिसला म्हणून खूश होऊ नका. ६ मिमीच्या दोन पट्ट्यांचा टी करा, एकाच बाजूने वेल्ड मारा, गार होऊ द्या. मग मागच्या, वेल्ड नसलेल्या बाजूने उभ्या पट्टीवर घण मारून तिला वेल्डवरच आडवी करा. तुटली तर आतला भाग बघा: कोपऱ्यात मूळची सरळ कड तशीच राहिलेली दिसली तर धातू तिथवर पोचलाच नव्हता. काळे काचेसारखे ठिपके म्हणजे अडकलेला स्लॅग. ज्या चॅनेलवर असे जोड तोडून किंवा कापून दाखवतात, ती चॅनेल सांभाळून ठेवा. तिथला माणूस प्रामाणिक असतो.

हे टी जॉइंट तोडूनही टिकायला लागले की उभ्याकडे वळा. २.५ मिमीचा रॉड, करंट थोडा खाली, खालून वर. शोधायचं ते 'व्हर्टिकल अप ६०१३'.

नोकरी करायची असेल तर फोनवरच्या शिक्षणाला कागद नाही हे लक्षात ठेवा. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे आणि आठवी पास चालते. घरी सराव करून गेलेला मुलगा तिथे पहिल्या महिन्यातच पुढे असतो. पुढे कंपन्या टेस्ट घेतात, पट्टीवर ३जी, म्हणजे उभा जोड, किंवा पाइपवर ६जी, म्हणजे ४५ अंशांत तिरका बांधलेला पाइप जो हलवायचा नाही, आपणच भोवती फिरायचं. टेस्टला जाण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: पोझिशन कुठली, रॉड कुठला, जाडी किती. तेच तीन शब्द यूट्यूबवर टाका आणि तेवढंच बघा.