बाद फेरीआधी नव्या पोरांना खेळवताना या चुका टाळा

बास्केटबॉल लीगचे दोन-तीन सामने उरले की आपल्याकडे प्रत्येक बेंचवर एकच बोलणं सुरू होतं, "आता नव्या पोट्ट्यांनाही खेळवू." हेतू चांगलाच असतो. पण बाद फेरीत मुख्य गार्ड, म्हणजे बॉल वर आणणारा खेळाडू, पाचव्या फाऊलवर बाहेर जातो, नवा मुलगा आत येतो आणि बॉल हातात आल्याबरोबर गांगरतो. दोष त्याचा नसतो. त्याला मिळालेली मिनिटंच चुकीची होती.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे निकाल लागल्यावर पोरं उतरवणं. आपण पंचवीसने पुढे, शेवटची चार मिनिटं, समोरचा संघ ढिला पडलेला. कोणी प्रेस करत नाही, म्हणजे अंगावर येऊन अडवत नाही, आठ सेकंदांत बॉल अर्ध्या रेषेपलीकडे नेताना दम लागत नाही. कागदावर मिनिटं भरतात, पोरगं कोरंच राहतं. त्याला दुसऱ्या क्वार्टरमध्ये उतरवा, स्कोअर बरोबरीत असताना. 40 मिनिटांची मॅच, मैदानात पाच जण, म्हणजे वाटायला 200 मिनिटं असतात. त्यातली तीस-पस्तीस नव्या दोघा-तिघांना दिली तर संघ बुडत नाही.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. तालुक्याच्या एका स्पर्धेत अकराने पुढे होतो, म्हणून पाचही नवे एकदम उतरवले. बॉल वर कोणी आणायचा हेच ठरलं नव्हतं. थ्रो-इनला तिघं एकाच कोपऱ्यात उभे. चार मिनिटांत आघाडी गेली. त्याचं दुःख नाही, पण ती पोरं पुढे दोन सामने माझी नजर चुकवत होती, ते अजून सलतं. आता एकावेळी एक, फार तर दोन, आणि सोबत जुना गार्ड हवाच. त्याला आधीच सांगून ठेवतो, "हा आला की पहिला पास यालाच दे."

चूक झाली की लगेच बाहेर बोलावणं, हेही तसंच घातक. हातातून बॉल सुटल्यावर मुलाची नजर कुठे जाते ते बघा. बॉलमागे धावण्याऐवजी तो बेंचकडे पाहत असेल, तर ती भीती आपण पेरली आहे. उतरवतानाच सांगा, "चार मिनिटं तुझी, चुकलास तरी." आणि शब्द पाळा.

दोन मिनिटांत दोन फाऊल करतो? पाय उशिरा पोचतात म्हणून हात पुढे जातो. मानेमागून दुपट्टा टाकून त्याची दोन्ही टोकं हातात धरायला लावा आणि सरावात नुसत्या पायांनी डिफेन्स करवून घ्या.

शॉट रिंगच्या पुढच्या कडेला आदळू लागले, तर आधी नेमावर नाही, पायांवर शंका घ्या. अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये 1997 च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, युटा जॅझ संघाविरुद्ध अठरा वर्षांच्या, पुढे मोठा तारा झालेल्या कोबी ब्रायंटचे चार शॉट सामन्याच्या शेवटी आणि जादा वेळेत रिंगला शिवलेसुद्धा नाहीत. त्या मोसमात तो सरासरी साडेपंधरा मिनिटं खेळला होता. लांब मोसमाने पाय थकले होते, हे कारण पुढे त्यानेच सांगितलं. आपली पोरं तर सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत सकाळी वावरात वाकतात आणि तिथूनच एसटी पकडून मैदानावर येतात. काय खाऊन आला, हे सराव सुरू करण्याआधी विचारा. बाद फेरीच्या आठवड्यात सराव वाढवू नका, कमी करा.

ज्याची मिनिटं कमी होणार आहेत त्या जुन्या खेळाडूला आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगा. बेंचवर बसल्यावर कळलं, तर तो नव्याला मदत कशाला करेल?

बेंचवरच्या एकाच्या हातात वही द्या. कोण केव्हा आत गेला, केव्हा बाहेर आला आणि तेव्हा स्कोअर काय होता, एवढंच त्याने लिहायचं. बाद फेरीच्या आदल्या संध्याकाळी ती वही उघडा. ज्याच्या नावापुढे अटीतटीची मिनिटं नाहीत, त्याच्यावर शेवटच्या क्वार्टरचा भार टाकू नका.