घरून मतदान: आजी-आजोबांसाठी आधीपासूनची तयारी

मतदानाच्या तारखेआधी मत देण्याची सोय आपल्याकडे सगळ्यांना नाही. वयाची ८५ वर्षं उलटलेले ज्येष्ठ आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेले मतदार यांना मात्र लोकसभा-विधानसभेला घरीच टपाली मतपत्रिकेवर मत देता येतं. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत ही सोय पहिल्यांदा देशभर मिळाली. मुंबईत लिफ्ट नसलेल्या इमारतींत, चाळींच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर कितीतरी म्हातारी माणसं जिना उतरता येत नाही म्हणून घरात अडकलेली आहेत. त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. पण ती मागावी लागते, आणि वेळेत.

म्हणून निवडणूक जाहीर व्हायची वाट न बघता आधी मतदार यादीत नाव शोधा आणि वय बरोबर लागलंय का तेही बघा. इमारत पुनर्विकासाला गेली असेल आणि आजी भाड्याच्या घरात राहत असतील, तर पत्त्याचा प्रश्न येणारच. कायमचंच घर बदललं असेल तर नमुना ८ भरून नाव नव्या जागी हलवून घ्या. नाव गिरगावात आणि आजोबा मुलीकडे डोंबिवलीला, अशी तात्पुरती सोय असेल तर मत घ्यायला निवडणूक अधिकाऱ्यांचं पथक घरी यायच्या दिवशी त्यांना गिरगावच्या घरी कोण आणणार हे आत्ताच ठरवा.

अर्ज नमुना १२ड मध्ये करायचा असतो आणि तो निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. बरीच घरं इथेच चुकतात. २०२४च्या विधानसभेला मतदान २० नोव्हेंबरला होतं, पण अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली; म्हणजे अर्जाची मुदत फराळाच्या गडबडीतच संपली. बीएलओ (तुमच्या भागाच्या मतदार यादीचं काम बघणारे अधिकारी) घरी अर्ज आणून देतात खरे, पण दुपारी घरी कोणी दार उघडायला नसेल तर? त्यांचा नंबर आधीच मिळवून ठेवा, नाहीतर १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन करा. दिव्यांग मतदाराच्या अर्जाला प्रमाणपत्राची प्रत जोडा.

अर्ज भरण्याआधी आजींना विचारा. एकदा टपाली मत मंजूर झालं की यादीत नावापुढे तशी नोंद होते आणि मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. कुणाला पालिकेच्या शाळेत जाऊन, ओळखीची चार माणसं भेटून मत द्यायचं असतं. ती इच्छा खरी आहे, घरच्यांच्या सोयीसाठी मोडू नका.

पथक कधी येणार हे आधी कळवतात. त्या दिवशी डायलिसिस, फिजिओ, डॉक्टर काही ठेवू नका. मतदार घरी नसेल तर पथक आणखी एकदाच येतं. सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा, कारण मतदान अधिकारी, पोलीस, व्हिडिओ काढणारा अशी बरीच माणसं येतात. मतदार ओळखपत्र वर काढून ठेवा. चष्मा, कानाचं यंत्र (सेल बदलून), उजेडात एक टेबल. जेवणानंतर आजींचा डोळा लागत असेल तर तेही आधी कळवून बघा.

उमेदवारी मागे घ्यायची मुदत संपली की उमेदवारांची नावं पक्की होतात. ती वाचून दाखवा. सगळ्यांची, तुमच्या पसंतीच्या एकट्याची नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मतपत्रिका हातात आली की घरच्यांनी खोलीबाहेर जायचं. दहा बाय बाराच्या खोलीत बाहेर म्हणजे गॅलरीत, पण जायचं. व्हिडिओ प्रक्रियेचा काढतात, मताचा नाही; मग मुलानेही डोकावायचं कारण नाही. दिसत नसेल किंवा हात चालत नसेल तरच सोबती घेता येतो, आणि मतदार सांगेल तिथेच सोबत्याने खूण करून तोंड बंद ठेवायचं. खूण एकाच उमेदवारापुढे हवी. मतपत्रिकेवर सही किंवा नाव लिहिलं तर मत बाद होतं, आणि जुन्या माणसांना कागद दिसला की सही करायची सवय असते, म्हणून हे आदल्या दिवशी शांतपणे समजावा. सही करायची ती वेगळ्या घोषणापत्रावर, अधिकाऱ्यासमोर. ती राहिली तर मताचं पाकीट उघडलंही जात नाही. सही जमत नसेल तर पथक आल्याआल्याच सांगा.

अर्जाची मुदत हुकलीच, तर केंद्रावर जाऊन मत देता येतंच. व्हीलचेअरची मागणी निवडणूक आयोगाच्या ॲपवर आधी नोंदवा आणि जिन्यावरून खुर्ची उतरवायला शेजारची दोन धडधाकट पोरं सांगून ठेवा.