कोकणातल्या घरात आधुनिक स्ट्रिंग क्वार्टेटचं रेकॉर्डिंग

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांचा चौघांचा संच. संगीतकार वेबर्नच्या सहा बॅगटेल्स (छोट्या रचना, ओपस 9) जेमतेम चार मिनिटांत संपतात आणि बराचसा भाग अगदी हळू आवाजात वाजतो. संगीतकार लाखेनमानच्या ‘ग्रान टोर्सो’ या क्वार्टेटमध्ये (1971) तर गजाची नुसती घासणीही संगीत म्हणूनच येते. त्यामुळे माइक कोणता ते नंतर बघा, आधी शांत जागा शोधा.

पावसाळा सोडा, डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. घर किनाऱ्यापासून आत, डोंगराआड हवं. समुद्राची गाज खालच्या-वरच्या सगळ्या स्वरपट्ट्यांत पसरलेली असते, फिल्टर लावून ती जात नाही. पत्र्याचं छप्पर नको, ऊन उतरलं की पत्रा कडकडतो. जांभ्याच्या भिंतींचं, सारवलेल्या जमिनीचं माजघर उत्तम. टाइल्स असतील तर सतरंज्या अंथरा. पंखे, फ्रिज, इनव्हर्टर बंद, रेकॉर्डर बॅटरीवर. रातकिड्यांचा मात्र इलाज नाही, दारं-खिडक्या लावून घ्या.

खरा शत्रू दमट हवा. कंडेन्सर माइकच्या (विद्युतभारावर चालणाऱ्या नाजूक माइकच्या) कॅप्सूलवर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागावर, ओल धरली की विद्युतभार गळतो आणि तडतड येते. हळू आवाजाच्या भागात ती लगेच उघडी पडते. माइक सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा. एसीच्या खोलीतून आणलेला माइक लगेच जोडू नका, त्यावर दव धरतं. अर्धा-पाऊण तास डब्यातच राहू द्या. दमटपणात गजाचे केस सैलावतात आणि खुंट्या फुगून अडकतात, म्हणून वाद्यंही आधीच त्या खोलीत आणून ठेवलेली बरी.

मुख्य माइकची जोडी ओआरटीएफ या ठरावीक मांडणीत: दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारे) माइक, कॅप्सूलमध्ये अंतर 17 सेंमी, कोन 110 अंश. वादकांपासून सुमारे 2 मीटर, उंची अडीच मीटर. घुमारा जास्त वाटला तर जवळ सरका. घासणी ऐकू येत नसेल तर त्या वाद्याला 60-70 सेंमीवर एक जादा माइक द्या. मिसळताना तो सुमारे 4 मिलिसेकंद मागे ढकला, नाहीतर एकच आवाज दोनदा पोचून पोकळ होतो.

रेकॉर्डर 24 बिटवर ठेवा. लेव्हल सर्वांत जोरात वाजणाऱ्या जागेवर, बहुधा तार फटकारून केलेल्या पिझिकातोवर (गजाऐवजी बोटाने छेडण्यावर), रेकॉर्डरच्या मीटरवर −12 डेसिबलला लावा आणि मग गेनला (आवाज वाढवण्याच्या बटणाला) हात नाही. ऑटो लेव्हल आणि नॉइज गेट (हळू आवाज आपोआप कापणारी सोय) बंदच. गेट विरामासकट घासणीही खाऊन टाकतो. चेलोची खालची तार 65 हर्ट्‌झची, म्हणून लो-कट (खालचे आवाज कापणारा फिल्टर) 35 हर्ट्‌झच्या वर नेऊ नका.

सगळे जागेवर बसलेले असताना मिनिटभर काही न वाजवता नुसत्या खोलीचा आवाज घ्या, विराम जोडताना तोच लागतो. खुर्च्या न करकरणाऱ्या निवडा आणि स्वरलिपीची पानं शेजारी-शेजारी चिकटवा, म्हणजे पान उलटल्याचा आवाज येणार नाही.