घरातल्या मोठ्या माणसाचं आयुष्य लिहून ठेवायचं असेल तर

आमचे अण्णा ब्याण्णवाव्या वर्षी गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, घरासाठी खूप केलं हो त्यांनी. केलंच. पण नक्की काय केलं म्हणून कुणी विचारलं तर सख्खी मुलगी असून मला चार वाक्यांच्या पुढे सांगता येईना. मग वर्षभर बसून त्यांची साठेक पानांची वही केली. ती करताना जे कळलं ते इथे लिहिते, कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

दहाव्या-तेराव्याला माणसं येतात तेव्हाच वही-पेन हाताशी ठेवा, अजिबात लाजू नका. गावाहून आलेली मंडळी, लालबागच्या चाळीतले जुने शेजारी, गिरणीतले सोबती असे सगळे परत एकत्र भेटत नाहीत आणि त्यातले बरेच जण स्वतःच ऐंशीच्या पुढचे असतात. सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा. मी आत्याला नंतर निवांत विचारू म्हणून ठेवलं आणि दोन महिन्यांत तीही गेली, अण्णांचं लहानपण तिच्याबरोबरच गेलं.

आणि स्वभाव कसा होता हे विचारूच नका, "देवमाणूस" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा पगार झाला की पहिले पैसे कुठे जायचे, शाळेची फी कोण भरायचं, रात्रपाळी करून आले की दहा बाय बाराच्या खोलीत झोपायचे कुठे, असं विचारा. या झोपण्याच्या प्रश्नावर शेजारच्या काकूंनी सांगितलं की माझं दहावीचं वर्ष होतं तेव्हा ते सकाळी येऊन बाहेर गॅलरीतच चटई टाकायचे, पोरीला खोलीत अभ्यास करू दे म्हणून. मला इतकी वर्षं वाटत होतं की त्यांना आत उकडतं.

मग ट्रंक उघडा. रेशनकार्ड, गिरणीचा पास, पीएफच्या स्लिपा, पासबुक, लग्नपत्रिका, काहीही टाकू नका, प्रत्येक कागदाचा खिडकीजवळच्या उजेडात फ्लॅश न वापरता फोटो काढा. आमच्याकडे मनीऑर्डरच्या पोचपावत्यांचा जुडगा निघाला, प्रत्येकीवर आजीचा अंगठा. मनीऑर्डर फॉर्मला खाली छोटं कूपन असायचं, त्यावर दोन ओळी लिहिता यायच्या, ते पैसे घेणाऱ्याकडे राहायचं आणि पोच पाठवणाऱ्याकडे परत यायची. म्हणजे अर्धी गोष्ट मुंबईत आणि अर्धी गावच्या घरात! चुलतभावाला फोन केला, त्याने माळ्यावरचा डबा उघडला तर त्यात अण्णांच्या अक्षरातली कूपनं, "बैलासाठी वेगळे काढ", "औषध संपलं की कळव". तुमच्याकडे गावचं घर असेल तर तिथला माळा नक्की बघा.

वर्षं कुणालाच धड आठवत नाहीत, म्हणून ट्राम चालू होती का बंद झाली होती असं विचारा. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली. पैसे आण्यात मोजायचे की नव्या पैशात, तो बदल 1 एप्रिल 1957 चा. गावाला भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जायचे, एसटीने, की कोकण रेल्वेने, जी 1998 पासून पूर्ण मार्गावर सुरू झाली. एवढ्या खुंट्या मारल्या की बाकीचं आपोआप त्यांच्यावर टांगलं जातं.

मुंबईच्या कापड गिरण्यांच्या संपाचा काळ मात्र वगळू नका. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि किती घरांत त्यानंतरच्या वर्षांबद्दल कुणी बोलतच नाही. आमच्याकडेही नव्हते बोलत. अण्णांनी पन्नाशीत फोर्टात एका बिल्डिंगवर वॉचमनकी केली, आईने मंगळसूत्र गहाण ठेवलं, घरी बारा जणांची खानावळ चालवली. हे लिहू नको, लोक काय म्हणतील, असं भावाचं म्हणणं होतं. मी लिहिलं, पण आधी आईला वाचून दाखवलं आणि तिने हो म्हटल्यावरच ठेवलं. तिचा भाग लिहिला नाही तर असल्या माणसाची गोष्ट अर्धीच राहते, तिचं बोलणं तर तिच्याच शब्दांत मोबाइलवर रेकॉर्ड करा.

बाकी बारीकसारीक. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढू नका, फाटतात, पानासकट फोटो काढा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर क्वालिटी जाते. फोटोत कोण आहे ते मागे पेन्सिलने हलकंच लिहा, बॉलपेनने नको. व्हॉइस नोट आली की लगेच नाव-तारीख घालून सेव्ह करा.

छापायला प्रेस नको, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे स्पायरल बाइंडिंग पुरतं. वर्षश्राद्धाला मी पंचवीस प्रती वाटल्या, प्रत्येकीत शेवटची दहा पानं कोरी ठेवली आणि आठवेल ते लिहून परत द्या म्हणून सांगितलं. आतापर्यंत तीन आल्यात, एकीत गिरणीतल्या काकांनी साच्यावर, म्हणजे मागावर, उभं कसं राहायचं ते अण्णांनी त्यांना पहिल्या दिवशी कसं दाखवलं त्याचं चित्रच काढलंय.