पन्नीतले कागद घेऊन या: फुकटचा वकील मिळवायचा कसा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी वकिली करते. 17 वर्षं झाली. त्यातली 9 वर्षं विधी सेवा समितीच्या पॅनलवर आहे. म्हणजे ज्यांना वकील लावायला जमत नाही त्यांच्या केसेस समिती माझ्याकडे देते आणि माझी फी समितीच भरते. ती फी किती, ते विचारू नका. सोयाबीनच्या भावासारखा विषय आहे, बोलून उपयोग नाही.

मागच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत एक बाई आली. बार रूमच्या टिनाखाली बसली, पदराखालून पन्नी काढली आणि टेबलावर उपडी केली. नवऱ्याचा लॅमिनेशन केलेला मृत्यूचा दाखला, जिनिंगच्या काटापट्ट्या, लाइट बिल, पतसंस्थेचं पासबुक, तीन वर्षं जुना सातबारा. अगदी खाली, चार घड्या घातलेला, हळदीचा डाग पडलेला कागद: समन्स. दिराने जमिनीच्या वाटणीचा दावा लावला होता. हजर राहायची तारीख उलटून दोन महिने झाले होते.

"पोस्टाचं पाकीट बी आलं होतं, मॅडम. थे म्या घेतलंच नाई. घेतलं असतं तं केस लागली असती ना!"

हे मी वर्षातून दहा वेळा ऐकते, म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते. पाकीट नाकारलं म्हणून केस थांबत नाही. नाकारलं तरी ते तुम्हाला मिळालं असंच कोर्ट धरतं, तुमच्याशिवाय दावा पुढे चालतो आणि निकाल एकतर्फी होतो. म्हणून पाकीट घ्या, ज्या दिवशी मिळालं ती तारीख त्याच्यावर पेनाने लिहा आणि त्या आठवड्यात तालुक्याला या. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत आपलं लेखी म्हणणं द्यावं लागतं. एकतर्फी निकाल झालाच, तर तो रद्द करून मागायलाही 30 दिवसच. तलाठ्याने घातलेला फेरफार आपल्या विरोधात मंजूर झाला तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपिलाला 60 दिवस. माझ्याकडे येणाऱ्यांचं नुकसान वकील नसल्यामुळे कमी आणि हे दिवस निघून गेल्यामुळे जास्त होतं. पेरणी झाली की येऊ, वेचणी झाली की येऊ, असं म्हणता म्हणता मुदत संपते. त्या बाईचं नशीब की अजून निकाल लागला नव्हता. आम्ही हजर झालो, उशिराचं कारण दिलं, थोडा खर्च बसला आणि म्हणणं द्यायची परवानगी मिळाली.

आता वकील मिळतो कोणाला, ते. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे, लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 ला. त्यातलं 12 वं कलम सांगतं की बाईमाणूस, लहान मूल, अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती, अपंग, कारखान्यातला कामगार, कोठडीत किंवा तुरुंगात असलेला माणूस, पूर-दुष्काळासारख्या आपत्तीत किंवा जातीय अत्याचारात सापडलेला माणूस, या सगळ्यांना मोफत वकील मिळतो. यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी आहे, महाराष्ट्रात वर्षाला 3 लाख रुपयांच्या आत. कोरडवाहू चार-पाच एकरवाला त्यात सहज बसतो.

इथे माझीच एक चूक कबूल करते. पॅनलवर नवी होते तेव्हा एका बाईला मी उत्पन्नाचा दाखला आणायला पाठवलं. ती सेतूवर तीनदा गेली. एकदा सर्व्हर बंद, एकदा तलाठ्याचा अहवाल नाही, तिसऱ्यांदा रेशनकार्डावरचं नाव जुळेना. तीन दिवसांची मजुरी बुडाली. बाई म्हणून ती तशीच पात्र होती, दाखल्याची गरजच नव्हती. त्यामुळे तुम्ही बाई असाल, किंवा अनुसूचित जाती-जमातीचा दाखला हाताशी असेल, आणि कोणी उत्पन्नाचा दाखला मागितला, तर सरळ विचारा: "कलम 12 मध्ये मला उत्पन्नाची अट कुठे आहे?" ज्यांना अट आहे त्यांचंही उत्पन्नाचं शपथपत्र कायद्याने पुरेसं धरता येतं.

जायचं कुठे? तालुक्याच्या कोर्टाच्या इमारतीत. गेटवर काळा कोट दिसला की त्याच्या मागे जाऊ नका. आत जाऊन विचारा, "तालुका विधी सेवा समितीचं टेबल कुठे आहे?" या समितीचे अध्यक्ष तिथले ज्येष्ठ न्यायाधीशच असतात. केस जिल्हा कोर्टात असेल तर यवतमाळला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तसंच प्राधिकरण तुमच्याही जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. हायकोर्टातलं काम असेल तर नागपूर खंडपीठात उपसमिती आहे. अडलं तर 15100 या नंबरवर फोन लावा, त्याला पैसे पडत नाहीत. काही गावांत समितीचे विधी स्वयंसेवक असतात, ते अर्ज लिहून द्यायला आणि सोबत यायला उपयोगी पडतात.

अर्जाचा छापील नमुना मिळतो, पण कोऱ्या कागदावरही चालतं. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथला माणूस लिहून घेतो आणि अंगठा घेतो. माझ्याकडे लोक तीन-तीन पानं लिहून आणतात, दिराच्या आजोबापासून. एवढं नको. असं लिहा:

"मी अमुक, राहणार अमुक, विधवा, शेतमजुरी करते. माझ्या दिराने शेतीच्या वाटणीचा दावा लावला आहे. समन्स अमुक तारखेला मिळालं. पुढची तारीख अमुक आहे. मला मोफत वकील मिळावा. सोबत समन्सची आणि आधार कार्डाची झेरॉक्स."

बस. पुढची तारीख जवळ असेल तर ती मोठ्या अक्षरात लिहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मारून घ्या, ती पोच. अर्जावर शक्यतो सात दिवसांत निर्णय व्हावा असा नियम आहे. वकील नेमला की पत्र मिळतं, त्यावर वकिलाचं नाव असतं. अर्ज नामंजूरही होऊ शकतो. केसमध्ये वरवर पाहता काही दम आहे का, हे समिती बघते. तसं झालं तर कारण लेखी मागा आणि वर दाद मागा.

काम फक्त कोर्टातल्या केसचंच होतं असंही नाही. तहसीलदारासमोरची फेरफाराची तक्रार, घरगुती हिंसाचाराचा अर्ज, पोटगी, हे सगळं यात येतं. सावकाराने उसन्या पैशाच्या बदल्यात शेताचं खरेदीखत करून घेतलं असेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे अर्ज करता येतो, तोही लिहून मिळेल. नुसता सल्लाही फुकट आहे, आणि हे बायांनी जरा मनावर घ्या. भाऊ साडी-चोळी घेऊन आला, "एक सही पाहिजे, चाल तालुक्याला" म्हणाला, तर तो कागद बहुतेक हक्कसोड असतो. 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित शेतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. सोडायचा तर सोडा, भाऊ तुमचा आहे. पण सही करायच्या आधी दहा मिनिटं येऊन कागद वाचून घ्या. सही झाल्यावर माझ्याकडे आलात की मग दहा वर्षांचा दावा होतो.

पैशाचं स्पष्ट बोलते. वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला, साक्षीदारांचा खर्च, हे सगळं समितीकडे लागतं. पॅनलच्या वकिलाने तुमच्याकडून एक रुपया घ्यायचा नाही. एका ठिकाणी एकाने "झेरॉक्सचे" म्हणून 500 घेतले होते. म्हातारा गप्प बसला, कारण त्याला वाटलं, फुकटच्या वकिलाला चहापाणी द्यावंच लागत असेल. नाही लागत. कोणी मागितले तर समितीला लेखी कळवा. वकील तारखेला येतच नसेल, फोन उचलत नसेल, तरी लिहा, बदलून मिळतो. आमच्या गावाकडचे एक काका म्हणायचे, फुकटचा वकील म्हणजे सरकारी दवाखान्यातली गोळी, ताप असो का खरूज, एकच. आमच्यात तसेही आहेत, खोटं कशाला बोलू. पण वकीलपत्र तेच, न्यायाधीश तेच, आणि जाब विचारायचा हक्क तुम्हाला पैसे भरणाऱ्याइतकाच आहे.

अटक झालेल्या माणसाचं वेगळं. त्याला पहिल्यांदा कोर्टासमोर उभं करतात तेव्हाच त्याने म्हणायचं, "साहेब, मला वकील नाही, सरकारी खर्चाने द्या." घरच्यांनी जिल्ह्याला लोक अभिरक्षक कार्यालयात जायचं. तिथले वकील पूर्णवेळ फक्त आरोपींच्याच केसेस चालवतात.

लोकअदालतीचा कागद आला की गावात घबराट होते. बँकेच्या कर्जाची, लाइट बिलाची, घरपट्टीची नोटीस असते ती. तो वॉरंट नाही. जा, बसा, काही सूट मिळते का बघा. पटलं नाही तर "तडजोड करायची नाही" म्हणून उठून या, कोणी धरत नाही. मात्र एकदा सही झाली की त्यावर अपील नाही. दावा तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, ही त्यातली चांगली गोष्ट.

शेवटचं, तारखेच्या दिवशीचं. पहिल्या एसटीने या. मूळ कागद वकिलाने मागितल्याशिवाय आणू नका, झेरॉक्स आणा. आणि पुकारा कान देऊन ऐका. शिपाई कागदावरचं पूर्ण नाव पुकारतो, नवऱ्याच्या नावासकट नि आडनावासकट, आणि तेही एका दमात. वर सांगितलेली ती पन्नीवाली बाई दुसऱ्या तारखेला लिंबाच्या झाडाखाली बसून राहिली. तीनदा पुकारा झाला, ती जागची हलली नाही. मी धावत जाऊन तिला आणलं. म्हणाली, "मले वाटलं दुसऱ्याच कोनाले बलावते. त्या नावानं मले लग्नापासून कोनी हाक नाई मारली." तेव्हापासून मी माझ्या माणसांना व्हरांड्यात, दाराच्या डाव्या बाजूच्या बाकावर बसवते. तिथे पंख्याचा आवाज कमी येतो.